वसंतातली घरची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवस मोठा होऊ लागला, हवेतला गारठा ओसरला, की घर आवरायला काढावंसं वाटतं आणि त्याच झपाट्यात काहीतरी लावावंसंही वाटतं. हा उत्साह मोलाचा आहे, पण तो थोड्याच दिवसांत विरतो आणि बाग पुढे कित्येक महिने चालायची असते. कुंडीतलं रोप वाळतं तेव्हा बहुतेकदा त्याला रोग झालेला नसतो. त्याला पाणी घालणं घरातल्या कुणाच्याच रोजच्या कामात बसलेलं नसतं. म्हणून इथली उत्तरं जितकी झाडांबद्दल आहेत तितकीच घराबद्दलही आहेत: सकाळी कोण लवकर उठतं, दुपारी कोण घरी असतं, मुलांच्या हाती काय द्यायचं, चिखल कुठे थांबवायचा.

वसंतातली पेरणी नेमकी कधी करायची?

वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र जवळपास सारखे असण्याचा वसंतातला दिवस, उत्तर गोलार्धात २० मार्चच्या आसपास येतो आणि दक्षिण गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला. बी मात्र मातीची ऊब पाहून रुजतं, आणि माती हवेपेक्षा उशिरा तापते. दोन दिवस छान ऊन पडलं म्हणून पेरणी उरकली, तर वरची हवा उबदार आणि खाली बी गारठलेलं अशी गत होते.

वाटाणा, पालक, लेट्यूस हे माती ५ ते ७ अंश सेल्सिअस असतानाही उगवतात, फक्त सावकाश. घेवड्याला साधारण १५-१६ अंश लागतात, काकडी आणि भोपळ्याला त्याहून थोडे जास्त. टोमॅटो आणि मिरचीचं बी २० ते ३० अंशांत चांगलं रुजतं. गार, ओल्या मातीत टाकलेला घेवडा उगवायच्या आधीच कुजतो. साधा तापमापक सकाळच्या वेळी मातीत ५ सेंटीमीटर खोल खुपसा आणि तीन-चार दिवस सलग बघा. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका.

जिथे हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं, तिथे तशी शेवटची रात्र उलटल्याशिवाय टोमॅटो, मिरची, काकडी उघड्यावर लावू नयेत. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे काळजी उलटी असते. वसंत आखूड असतो आणि कडक ऊन लवकर येतं, त्यामुळे पेरणी लवकर आटपून दुपारच्या सावलीची सोय आधीच करून ठेवावी लागते.

खणायचं कधी, हे ठरवायला मूठ पुरते. मातीचा गोळा करून बोटाने टोचा. भुगा झाला तर कामाला लागा. चिकट राहिला तर थांबा. ओली माती खणली, तुडवली, की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बुजतात आणि वाळल्यावर तिची दगडासारखी ढेकळं होतात. ती पुन्हा भुसभुशीत व्हायला पूर्ण हंगाम जाऊ शकतो.

घरात सगळेच कामात असतात. बागेला वेळ कोण देणार?

माझ्या मते हाच पहिला प्रश्न असायला हवा, झाडं कोणती हा दुसरा. रोजची दहा मिनिटं ही रविवारच्या तीन तासांपेक्षा बागेच्या जास्त कामी येतात. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, पहिल्या दिवशी एका शेंड्यावर असतो आणि बोटाने पुसून निघतो. आठवड्याने तोच सगळ्या रोपावर पसरलेला असतो. पाण्याचंही तेच: कुंडी पाच दिवस कोरडी ठेवून सहाव्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं, तर ते कडेच्या फटीतून खाली वाहून जातं आणि मातीचा गड्डा आतून कोरडाच राहतो.

ही दहा मिनिटं वेगळी काढायला गेलात तर मिळणार नाहीत. ती आधीपासून चालत असलेल्या एखाद्या कामाला जोडा. सकाळचा चहा बागेत प्या. कपडे वाळत घालायला जो गच्चीवर जातो त्यानेच तिथल्या कुंड्या बघाव्यात. भांडी घासून झाली की ओला कचरा टाकायला जाणाऱ्याने येताना चार वाळकी पानं खुडून आणावीत. झारी नळाजवळ आणि खुरपं दाराजवळ, हाताला लागेल असं ठेवा. माळ्यावरच्या खोक्यात ठेवलेलं खुरपं महिनाभर बाहेर येत नाही.

आणि जबाबदारी नावानिशी वाटून द्या. "सगळ्यांनी मिळून पाणी घालूया" असं ठरलं, की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने घातलं असेल. काही वेळा याच्या उलटही होतं, तिघंही घालतात आणि मुळं कुजतात. एक वाफा, एक माणूस. ज्याला जमणार नसेल त्याने आदल्या दिवशी सांगायचं.

पहिल्या वर्षी किती झाडं लावावीत?

मनात येतील त्याच्या निम्मी. पाच-सहा कुंड्या किंवा एक मीटर बाय दोन मीटरचा एक वाफा एका कुटुंबाला सुरुवातीला पुरेसा आहे. वाफ्याची रुंदी १ ते १.२ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि मातीत पाय द्यावा लागत नाही.

आमच्याकडे जमीन नाही, नुसती बाल्कनी आहे. जमेल का?

जमेल, फक्त आधी ऊन मोजा. एखाद्या सुटीच्या दिवशी दर तासाला बघा, ऊन कुठून कुठे सरकतं. टोमॅटो, मिरची, काकडी अशा फळं देणाऱ्या झाडांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन हवं. पालेभाज्या आणि पुदिना, कोथिंबीर यांसारख्या वनस्पती चार तासांतही भागवतात. त्याहूनही कमी ऊन असेल तर फळांचा नाद सोडून शोभेची सावलीतली झाडं लावावीत. उन्हाची उणीव खताने भरून निघत नाही.

कुंडीची खोली महत्त्वाची. पालेभाज्यांना १५ सेंटीमीटर पुरतात, टोमॅटोला किमान ३० लागतात. तळाला भोक हवंच. भोकावर खडे पसरले की निचरा चांगला होतो असं पुष्कळजण मानतात, पण पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहज उतरत नाही. ते वरच्या मातीतच अडून राहतं. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवला की काम झालं.

मातीची कुंडी सगळ्या बाजूंनी हवा घेते आणि लवकर सुकते, प्लास्टिकची ओल धरते. जो विसरभोळा आहे त्याने प्लास्टिकची घ्यावी, ज्याला सारखं पाणी घालायचा सोस आहे त्याने मातीची. वजनाचाही विचार करा: भिजलेल्या मातीने भरलेली मोठी कुंडी दोघांनाही उचलत नाही. जड कुंड्या भिंतीकडेला किंवा जिथे खाली आधार आहे तिथे ठेवाव्यात, कठड्यावर कधीच नको. कठड्यावरची कुंडी वाऱ्याने खाली गेली तर काय होईल, एवढाच विचार पुरे.

कुंडीत बागेतली किंवा रस्त्याकडेची माती भरली तर चालेल का?

नुसती माती नको. कुंडीत ती पाण्याने बसते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा जाड वाळू, असं सैल मिश्रण करा. कच्चं शेणखत घालू नका. ते मातीत कुजताना मुळं भाजतात, शिवाय त्यातले जंतू पालेभाजीवर येऊ शकतात.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत घरात करता येईल का? वास येत नाही?

वास येतो तो चुकीच्या मिश्रणाला. कंपोस्ट करणारे जीवाणू कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही खातात, आणि त्यांना साधारण २५ ते ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन असं प्रमाण मानवतं. भाजीच्या साली, चहाचा चोथा, हिरवं गवत यांत नायट्रोजन आणि पाणी भरपूर असतं. वाळकी पानं, कागदाचे कपटे, पुठ्ठा, लाकडाचा भुसा यांत कार्बन असतो. हे गणित रोज कुणी मांडत बसत नाही. एक भांडं ओला कचरा टाकला की दोन-तीन भांडी वाळका पाला वर पसरायचा, इतकं लक्षात ठेवलं की झालं. वाळक्या पाल्याची पिशवी डब्याच्या शेजारीच हवी. ती संपली की दोन दिवसांत वास सुटतो आणि मग घरातले लोक कंपोस्टलाच नावं ठेवू लागतात.

डब्याला चारी बाजूंनी भोकं असू द्या. आठवड्यातून एकदा काठीने ढवळा. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. शिजलेलं तेलकट अन्न, मांस-मासे, दूधदुभतं आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा घालू नका.

मोठा ढीग, म्हणजे साधारण एक घनमीटरचा, आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत तणाचं बी व बरेच रोगजंतू मरतात. घरातला डबा इतका तापत नाही. म्हणून त्यात बी धरलेलं तण आणि रोगट पानं टाकू नयेत. नाहीतर कंपोस्टबरोबर तण बागभर पेरलं जातं. खत तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. काळं, भुसभुशीत झालं, पहिल्या पावसानंतर येतो तसा वास आला आणि त्यात साल-देठ ओळखू येईनासे झाले, की ते तयार.

डब्यात पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. पाल्याचा थर वाढवला की कमी होतात.

बी पेरावं की तयार रोप आणावं?

मुळा, गाजर, वाटाणा, घेवडा, पालक यांचं बी थेट जागेवर पेरा. गाजर-मुळ्याचं मूळ हलवलं की वाकडं होतं किंवा फाटे फुटतात. टोमॅटो, मिरची, वांगं यांना बियापासून फळापर्यंत बराच काळ लागतो. पहिल्या वर्षी त्यांची रोपं रोपवाटिकेतून आणण्यात काहीच कमीपणा नाही. रोप घेताना सर्वांत उंच किंवा फुललेलं निवडू नका. बुटकं, जाड खोडाचं, पानामागे कीड नसलेलं घ्या. कुंडीच्या भोकातून मुळांचं जाळं बाहेर लोंबत असेल तर ते रोप फार दिवस अडकून पडलेलं आहे.

बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरायचं. लेट्यूससारख्या बारीक बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणून त्या मातीवर पसरून नुसत्या दाबायच्या. उगवलेली रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडू लागली तर तो मर रोग. मातीतल्या बुरशीमुळे होतो. फार पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा ही त्याची कारणं. औषध शोधण्यापेक्षा विरळणी करा आणि पाणी आवरा.

घरात वाढवलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढुरकी पडून भाजतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडं ऊन, मग वारा, असं सात ते दहा दिवस हळूहळू बाहेर न्या आणि मगच लावा. लावणी संध्याकाळी करावी, म्हणजे रोपाला सावरायला सबंध रात्र मिळते.

पाणी रोज घालावं का?

घड्याळ बघून घालू नये. बोट मातीत दोन पेरं खुपसा. आत ओल लागली तर उद्या बघू. कोरडं असेल तर तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला. वर-वर शिंपडलेल्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात झाड मान टाकतं.

जमिनीतल्या वाफ्याला वसंतात आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी पुरतं. म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर, दोन-अडीच बादल्या, तेही दोन हप्त्यांत. पाऊस झाला तर तेवढं वजा करा. वेळ सकाळची. संध्याकाळी पानं भिजवली तर ती रात्रभर ओली राहतात आणि करप्यासारख्या बुरशीच्या रोगांना निमंत्रण मिळतं.

टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडून कुजतो, त्याला बहुतेक लोक कीड समजतात. तिथे कॅल्शियम कमी पोचलेलं असतं, आणि ते पोचत नाही कारण पाणी कधी फार, कधी मुळीच नाही असं मिळतं. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. पाणी नियमित करा आणि मातीवर वाळक्या पाल्याचं पाच सेंटीमीटर आच्छादन घाला. ते खोडाला चिकटवू नका.

मुलांना बागेत कसं गुंतवायचं?

खरं काम द्या. मुलांना खेळण्यातली झारी देऊन कोपऱ्यात बसवलं की त्यांना लगेच कळतं की हे कुणाच्या उपयोगाचं नाही. एक कुंडी त्यांच्या नावाची करा. त्यात काय लावायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि तिथे मोठ्यांनी हात घालायचा नाही, रोप वाकडं लागलं तरी.

लहान मुलांना लवकर दिसणारं काहीतरी हवं. मुळा तीन-चार दिवसांत उगवतो आणि लवकर येणारी जात २५ ते ३० दिवसांत काढायला होते. घेवड्याचं बी ओल्या कापडात गुंडाळून काचेच्या पेल्याच्या कडेला ठेवलं तर आधी मूळ खाली जातं, मग खोड वर येतं, हे डोळ्यांसमोर दिसतं. पेला आडवा केला की दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळतं. सूर्यफूल बघता बघता मुलाच्या उंचीच्या वर जातं. भिंतीवर खूण करून दोघांची उंची एकत्र मोजावी.

मुलं विचारतात, झाड माती खाऊन वाढतं का? या प्रश्नावर सतराव्या शतकात यान व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग मला आजही फार सुंदर वाटतो. त्यांनी २०० पौंड वाळलेली माती तोलून एका भांड्यात भरली, त्यात विलो नावाच्या झाडाचं ५ पौंडांचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती घटली ती केवळ दोन औंसांनी. हे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापलं गेलं. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तो अर्धाच बरोबर होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. पण तराजूने प्रश्न विचारायची ती रीत मुलांना लगेच भावते. घरातल्या वजनकाट्यावर कुंडी दर आठवड्याला तोलून वहीत आकडे लिहायला सांगा.

गांडुळांबद्दलही सांगा. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या अभ्यासिकेत कुंड्यांत गांडुळं पाळली होती आणि घरातल्या माणसांना हाताशी धरून त्यांच्यापुढे शिट्टी, 'बसून' (bassoon) नावाचं फुंकवाद्य आणि पियानो वाजवून पाहिला होता. गांडुळांनी आवाजाकडे लक्ष दिलं नाही. पण त्यांची कुंडी थेट पियानोवर ठेवून सूर वाजवला, की ती झटकन बिळात जात. त्यांना ऐकू येत नाही, पण कंप जाणवतो. या निरीक्षणांवरचं त्यांचं लेखन १८८१ साली प्रसिद्ध झालं. आजोबा, आई, मुलं सगळ्यांनी मिळून कुंडीभोवती बसून करावा असाच हा अभ्यास आहे.

आजी-आजोबांना वाकवत नाही. त्यांच्यासाठी काय करता येईल?

बाग त्यांच्या उंचीला आणा. ६० ते ७५ सेंटीमीटर उंचीचा वाफा किंवा मजबूत टेबलावर ठेवलेल्या कुंड्या असल्या की खुर्चीत बसून काम होतं. झारी मोठी नको, लहान दोन द्या. खुरप्याच्या मुठीला जाड कापड गुंडाळलं तर सांधे दुखणाऱ्या हातांना पकड सोपी जाते. बी निवडणं, रोपं विरळणं, वाळकी फुलं खुडणं यांत घाई नसते आणि सराव लागतो. ही कामं त्यांच्याकडेच असावीत. वाटेत पाण्याची नळी लोळत ठेवू नका, पडण्याचं कारण बहुधा तीच असते.

वसंतात अचानक इतका मावा कुठून येतो?

मावा या काळात नराशिवाय आणि अंड्यांशिवाय वाढतो. मादी थेट जिवंत पिल्लं टाकते, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची सुरुवात आधीच झालेली असते. ऊबदार हवेत ते पिल्लू आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः पिल्लं टाकू लागतं. त्याला कोवळा, रसाळ शेंडा आवडतो, आणि वसंतात तो सगळीकडे असतो. नायट्रोजनयुक्त खत भरमसाट घातलं तर आणखी मिळतो.

शेंड्यांवर मुंग्यांची ये-जा दिसली की पानामागे बघा. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. आधी पाण्याचा जोराचा फवारा मारा, खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. मग हवं असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आधी एका पानावर करून बघा. तीन-चार दिवसांनी पुन्हा.

काळसर, काटेरी, मगरीच्या आकाराची बारीक अळी माव्यात फिरताना दिसली तर तिला मारू नका. ती ढालकिड्याची, म्हणजे ठिपक्यांच्या लाल किड्याची अळी आहे आणि ती दिवसाला डझनांनी मावा खाते. सरसकट विषारी फवारणी केली की आधी तीच मरते. घरच्या बागेत, जिथे मुलं पान तोडून तोंडात घालतात, रासायनिक कीटकनाशकाला जागा नसावी असं माझं ठाम मत आहे.

फुलं भरपूर येतात पण फळ धरत नाही. काय चुकतं?

भोपळा-काकडीत नर आणि मादी फुलं वेगळी असतात, आणि आधी बहुधा नुसती नर फुलंच येतात. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. मधमाश्या कमी असतील तर सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागकोश मादी फुलात फिरवा. टोमॅटोचं फूल स्वतःच फलित होतं, त्याला फक्त थरथर लागते. दुपारी देठाला हळूच टिचकी मारली तरी पुरते. रात्री १३ अंशांच्या खाली किंवा दिवसा ३५ च्या वर तापमान गेलं तर तरीही फुलं गळतात, तेव्हा हवा बदलायची वाट बघावी.

पानं गर्द हिरवी, झाड दांडगं आणि फूल नाहीच, असं असेल तर खतातला नायट्रोजन जास्त झाला आहे. खताच्या पाकिटावरचे तीन आकडे अनुक्रमे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियमचे असतात. फुलोऱ्याच्या वेळी पहिला आकडा मोठा असलेलं खत बंद करा.

लहान मुलं आणि पाळीव प्राणी असताना कोणती काळजी घ्यावी?

कण्हेर आणि धोतरा यांचा प्रत्येक भाग विषारी आहे. रांगतं मूल घरात असेपर्यंत ती लावू नयेत. डिफेनबेकिया या शोभेच्या झाडाचं पान चावलं तर तोंडाची आग होऊन सूज येते. मांजर असेल तर लिली घरात आणूच नका, फुलदाणीतही नको. तिचे परागकण किंवा फुलदाणीतलं पाणी पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. असं काही झाल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्य गाठा.

माती हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा, नखांतली माती काढून. घरातल्या सगळ्यांची धनुर्वाताची लस चालू आहे ना, ते डॉक्टरांना विचारून घ्या. तयार मातीची बंद पिशवी चेहऱ्यापासून दूर धरून, मोकळ्या हवेत उघडावी आणि आधी थोडं पाणी शिंपडावं. तिच्या धुळीतून फुप्फुसाचा संसर्ग करणारे लिजिओनेला जातीचे जीवाणू श्वासात जाऊ शकतात. गर्भवती बाईने मांजराची विष्ठा असू शकेल अशा मातीत उघड्या हातांनी काम करू नये, त्या विष्ठेतून होणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मोसिस या संसर्गाचा धोका असतो. बादलीत पाणी साठवून ठेवू नका. त्यात डास होतात, आणि लहान मुलासाठी भरलेली बादली विहिरीइतकीच घातक असते.

वसंतात शिंका सुरू होतात. बाग बंद करावी का?

नाही. त्रास बहुतांशी वाऱ्यावर उडणाऱ्या परागकणांचा असतो, गवतांचा आणि काही झाडांचा. रंगीत, मधमाश्या येणाऱ्या फुलांचे पराग जड, चिकट असतात आणि फारसे उडत नाहीत. पावसानंतर लगेच काम करा, कोरड्या वाऱ्यात टाळा. आत आल्यावर कपडे बदला. दम लागत असेल तर डॉक्टरांकडे जा.

छाटणी वसंतात करायची ना?

झाड कधी फुलतं त्यावर आहे. वसंताच्या सुरुवातीला फुलणाऱ्या झाडांच्या कळ्या गेल्या हंगामातल्या फांद्यांवर आधीच तयार असतात. आत्ता छाटलं तर यंदाची फुलं गेली. त्यांची छाटणी फुलं संपल्यावर. उन्हाळ्यात नव्या फांद्यांवर फुलणाऱ्यांना मात्र नवे डोळे फुटायच्या आधी छाटा.

चिखल घरात येतो आणि त्यावरून वाद होतात.

दाराशी एक जाड पायपुसणं, चपला ठेवायला एक पाट आणि हात पुसायला एक जुनं फडकं ठेवा. बागेच्या चपला वेगळ्या. कुंड्या भरणं, रोपं बदलणं ही कामं जुन्या चादरीवर करावीत, नंतर चारही टोकं उचलून माती पुन्हा वाफ्यात. जो माती सांडेल त्यानेच झाडायचं, हा नियम वयाकडे न बघता सगळ्यांना लागू असावा. हे ठरलं नाही तर झाडायचं काम शेवटी घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात पडतं, आणि मग त्या माणसाला बाग नकोशी होते. हे फार घरांत घडतं.

आठवडाभर बाहेरगावी जायचं असेल तर?

जाण्याआधी सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, भरपूर पाणी द्या, वर आच्छादन घाला. लहान कुंड्यांना सुती वातीने पाणी पुरवता येतं: वातीचं एक टोक मातीत खोल, दुसरं वरच्या पातळीवर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात. निघण्याच्या दोन दिवस आधी लावून बघा, म्हणजे पाणी किती वेगाने उतरतं ते कळेल. शेजाऱ्यांना सांगणार असाल तर कोणत्या कुंडीला किती मग पाणी हे कुंडीवरच चिठ्ठी चिकटवून लिहा आणि तयार झालेली काकडी-टोमॅटो त्यांनीच तोडून न्यायला सांगा. तोडणी थांबली की काकडीची वेल नवी फुलं धरायचं कमी करते, त्यामुळे यात वेलीचाही फायदा आहे.

गेल्या वर्षीचं बी उरलं आहे. वापरावं का?

कांद्याचं बी एक-दोन वर्षांत उगवणं सोडतं, घेवड्याचं साधारण तीन वर्षं टिकतं, टोमॅटोचं चार-पाच. शंका असेल तर दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवा. सात-आठ उगवल्या तर नेहमीप्रमाणे पेरा, चार-पाचच उगवल्या तर दुप्पट दाट पेरा, त्याहून कमी असतील तर नवं आणा. उरलेलं बी कागदी पाकिटात, वर नाव आणि साल लिहून, घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या, गार जागी ठेवावं.